गिअर दर आठवड्याला बिघडतात? आरडीला हात लावायच्या आधी हँडलबार वळवून बघा

ज्यांनी मधल्या काळात रोड बाईकचा हँडलबार किंवा स्टेम (हँडलबार फ्रेमला धरून ठेवणारा आडवा दांडा) बदललाय आणि तेव्हापासून मागचे गिअर आज सेट केले की पुढच्या रविवारी परत कटकट करतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझे या भानगडीत जवळजवळ चार महिने गेले, एक चेन आणि एक कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा, म्हणजे कॉगचा, संच) विनाकारण बदलली, आणि शेवटी दोष निघाला तो मागे नाहीच, पुढे स्टेमपाशी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं चाललं होतं सगळं. लांबेल थोडं, पण अर्धवट सांगून उपयोग नाही कारण यात एक गोष्ट दुसरीला धरून आहे. आरडी म्हणजे रिअर डिरेलर, चेन एका कॉगवरून दुसऱ्यावर नेणारा मागचा भाग.

माझी बाईक साधी, अ‍ॅल्युमिनियमची, ९ स्पीड, गिअरच्या केबल डाउन ट्यूबच्या (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीच्या) बाहेरून जाणाऱ्या, शिफ्टर (गिअर बदलायचे लिव्हर) मात्र नवीन पद्धतीचे म्हणजे केबल बार टेपच्या खालून जाते. पुण्यात राहतो, आठवड्यात सकाळी खडकवासला नाहीतर बोपदेव, रविवारी लांब, आणि वर्षाला दोन तीन ब्रेवे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड). एका ३०० किलोमीटरच्या ब्रेवेनंतर माझ्या दोन्ही हातांच्या करंगळ्या आणि अनामिका बधिर झाल्या, दोन दिवस शर्टाची बटणं लावताना बोटं साथ देईनात. घाबरलो. ग्रुपमधे विचारलं तर कोणी म्हणालं बार रुंद घे, कोणी म्हणालं स्टेम उलटा करून वर घे, मी दोन्ही केलं. ४० सेंटीमीटरचा बार काढून ४४ चा लावला आणि १०० मिमीचा ६ अंशाचा स्टेम उलटा करून वर फिरवला. केबल मात्र त्याच ठेवल्या, कारण लावून बघितल्या तर पुरत होत्या. हँडल सरळ असताना पुरत होत्या, हे मला फार उशिरा कळलं.

आता हिशेब बघा, तेव्हा मी तो केला नव्हता. बार ४ सेंटीमीटर रुंद झाला म्हणजे प्रत्येक बाजूचा शिफ्टर मधल्या रेषेपासून २ सेंटीमीटर लांब गेला. आणि हेड ट्यूब (फ्रेमची पुढची उभी नळी) साधारण ७३ अंशात असते, त्यामुळे ६ अंशाचा १०० मिमी स्टेम खाली तोंड करून असतो तेव्हासुद्धा आडव्या रेषेच्या ११ अंश वरच असतो, उलटा केला की २३ अंश, म्हणजे बार जवळपास २ सेंटीमीटर वर चढतो. हे २ आणि ते २, बरोबर बेरीज होत नाही कारण दिशा वेगळ्या, पण आउटरला (केबलची बाहेरची नळी, आतली तार म्हणजे इनर) अडीच ते तीन सेंटीमीटर जास्त अंतर कापायला लागलं एवढं नक्की. कंपनीतून आलेल्या बाईकला मुळात आउटर काही फार सैल ठेवलेले नसतात.

लक्षण काय होतं ते नीट सांगतो, कारण तुमचंही हेच असेल तर पुढचं सगळं तुम्हाला लागू आहे. एका आठवड्यात गिअर मोठ्या कॉगकडे ओढल्यासारखा, म्हणजे चेन वरच्या कॉगला घासून टिकटिक करतेय. बॅरल अ‍ॅडजस्टर (केबल ताणायचा-सैल करायचा हाताने फिरणारा स्क्रू) अर्धा आटा आत घेतला की शांत. पुढच्या आठवड्यात बरोब्बर उलटं, लिव्हर दाबला तरी चेन वर चढायला तयार नाही, परत अ‍ॅडजस्टर बाहेर. केबल नवीन असताना ताणली जाते आणि सैल पडते हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते एकाच दिशेने होतं, सैलच पडते, स्वतःहून घट्ट कधी होत नाही. माझी कधी सैल कधी घट्ट होत होती. इथेच मला थांबून विचार करायला हवा होता. दोन्ही दिशांना बिघडणारं इंडेक्सिंग (एका क्लिकला एक गिअर नेमका बसणं) म्हणजे केबलचा रस्ता कुठेतरी लांब-आखूड होतोय, याला दुसरा अर्थ फारसा नाही.

दुकानातल्या काकांकडे तीनदा नेली. काका जुने जाणते आहेत, त्यांनी हँगर (आरडी फ्रेमला जिथे लटकतो तो तुकडा) गेज लावून तपासला, सरळ होता, लिमिट स्क्रू (आरडी दोन्ही टोकांना कुठे थांबेल ते ठरवणारे) बघितले, इनर बदलली, स्टँडवर सगळे नऊच्या नऊ गिअर लोण्यासारखे पडत होते. त्यांची काहीच चूक नाही, स्टँडवर हँडल सरळच असतं ना. मग चेन ताणलीये का, कॅसेट झिजलीये का, असं करत ती बदलाबदली झाली. आणि नवीन कॅसेट टाकून दोनच आठवड्यांनी साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढत होतो, उभं राहून पेडल मारायला लागलो आणि दर चौथ्या पाचव्या स्ट्रोकला चेन उडायला लागली. शेजारून ट्रक चाललेत, उभं राहून पूर्ण वजन पेडलवर आणि खाली चेन कॉगवरून घसरतेय, ही फार वाईट अवस्था आहे, सीटवर बसून एकाच गिअरमधे घाट काढला. बसलं की बरं, उठलं की चेन उडते. तेव्हाही मला वाटलं की जोर जास्त पडतो म्हणून असेल.

उलगडा झाला तो घरी, आणि खरं सांगायचं तर लिफ्टमुळे. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट लहान, बाईक मागच्या चाकावर उभी करून, हँडल पूर्ण एका बाजूला वळवूनच आत बसते. त्या दिवशी लिफ्टमधे पुढचं चाक वळवताना मागून बारीक ‘टक’ असा आवाज आला. बाईक उभी आहे, पेडल कोणी फिरवत नाहीये, लिव्हरला हात नाही, मग आरडीत आवाज कशाला येईल? वर जाऊन गॅलरीच्या ग्रिलला सीट दोरीने टांगली, चेन मधल्या कॉगवर घेतली, आणि आरडीकडे डोळे लावून हात लांब करून हँडल हळूहळू डावीकडे नेलं. आरडीचं वरचं छोटं चाक आत सरकलं. हँडल सरळ केलं, चाक परत बाहेर आलं, पण पूर्ण नाही, केसभर आतच राहिलं. परत वळवलं, परत तेच. मग शिफ्टरजवळचा टेप सोडला तर आतला आउटर शिफ्टरच्या खोबणीतून दोन मिलिमीटर बाहेर ओढला गेलेला, आणि टेप इतका घट्ट गुंडाळलेला की तो परत आत जायला धजत नव्हता. रस्त्यावर हादरे बसले की केव्हातरी तो आत जाऊन बसायचा आणि केबल सैल. लिफ्टमधे नेली की बाहेर यायचा आणि केबल घट्ट. चार महिने मी आणि काका मिळून या दोन मिलिमीटरच्या मागे अ‍ॅडजस्टर फिरवत होतो.

दोन मिलिमीटर म्हणजे काय मोठं, असं वाटेल. शिमानोच्या ८ आणि ९ स्पीड रोड आरडीत केबल १ मिमी हलली की आरडी साधारण १.७ मिमी सरकतो. आणि ९ स्पीड कॅसेटमधे एका कॉगपासून दुसऱ्या कॉगचं अंतर ४.३५ मिमी. म्हणजे केबल अर्धा मिलिमीटर जरी इकडे तिकडे झाली तरी चेन आपल्या जागेपासून पाचवा हिस्सा ढळली, टिकटिक सुरू. दोन मिलिमीटर म्हणजे पाऊण गिअरपेक्षा जास्त. ११ स्पीडमधे तेच अंतर ३.७४ वर येतं, चुकायला जागा अजून कमी. उभं राहून चढताना बाईक डावी-उजवीकडे झुलते, हँडल थोडं थोडं वळतं, आउटर आखूड असेल तर प्रत्येक झोक्याला केबल खेचली जाते आणि चेन उडते. खंबाटकीचं कोडं असं सुटलं.

तर पहिलं काम हे करा, याला दोन मिनिटं लागतात आणि एकही पाना लागत नाही. मागचं चाक उचलून धरा किंवा बाईक कशालाही टांगा, गिअर मधे कुठेतरी ठेवा, दुसऱ्या माणसाला हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवायला सांगा, अगदी ड्रॉपचा (हँडलच्या खाली वळलेल्या भागाचा) दांडा टॉप ट्यूबला (फ्रेमच्या वरच्या नळीला) टेकेपर्यंत, आणि तुम्ही आरडीकडे बघा. आरडी तसूभर जरी हलला तर दोष पुढे आहे, मागे काहीही फिरवू नका. हलला नाही तर मग दुसरी तपासणी करा. लहान कॉगच्या दिशेने एक क्लिक सोडा, चेन उतरायला आळस करत असेल तर डाउन ट्यूबवरची उघडी केबल दोन बोटांनी धनुष्याच्या दोरीसारखी ओढून सोडा. ओढल्यावर चेन पटकन उतरली तर केबल आतमधे कुठेतरी अडकतेय, घर्षण आहे, टेन्शनचा प्रश्न नाही. पावसाळा संपल्यावर हे हमखास होतं, विशेषतः आरडीजवळचा शेवटचा वळसा आणि बॉटम ब्रॅकेटखालची (पेडलचा आस बसतो त्याच्या खालची) प्लास्टिकची पट्टी, चिखल आणि पाणी तिथेच जाऊन बसतं. ओढूनही फरक नाही तरच हँगर, कॅसेट वगैरेकडे जा.

यात एक गोष्ट आपल्याकडे फार दिसते म्हणून जरा थांबून सांगतो. आउटर दोन प्रकारचे असतात आणि बाहेरून दोन्ही काळेच दिसतात. ब्रेकचा आउटर बहुतेक ५ मिमी जाड, आतमधे चपट्या तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी. गिअरचा ४ मिमी, आतमधे बारीक तारा उभ्या, लांबीच्या दिशेने लावलेल्या. कापलेलं टोक उजेडात धरून बघा, लगेच कळतं. ब्रेकचा आउटर गिअरला लावला तर ती स्प्रिंग दाबली जाते, वळवली की लांबी बदलते, आणि इंडेक्सिंग कधीच पक्कं बसत नाही. शिमानोने १९८४ साली ड्युरा-एसबरोबर क्लिक वाजणारे इंडेक्स गिअर आणले त्यानंतर हा उभ्या तारांचा आउटर आला, त्याचं कारणच हे. हायवेवर कुठल्या साध्या दुकानात इमर्जन्सीत केबल बदलली असेल तर हे नक्की तपासा. आणि उलटं तर कधीच करू नका, गिअरचा आउटर ब्रेकला लावायचा नाही, जोरात ब्रेक दाबला की त्या उभ्या तारा प्लास्टिक फाडून बाहेर येऊ शकतात आणि ब्रेक जातो. घाटात उतरताना काय होईल याचा विचार करा. हे मी हात जोडून सांगतोय. ब्रेकची इनर घेताना पण रोडची मागा, तिचं डोकं लहान पेरूसारखं निमुळतं असतं, एमटीबीच्या इनरला आडवं गोल डोकं असतं, ते रोडच्या लिव्हरमधे बसत नाही, आणि ठोकून बसवायला जाऊ नका.

आता दुरुस्ती. आखूड आउटरवर इलाज एकच, नवीन लांब आउटर. जोडकाम करायचं नाही. आणि आउटर बदलला की इनर पण नवीनच, कारण जुनी इनर टोकाला कापलेली असते, रस्ता तीन सेंटीमीटर वाढला की आरडीच्या बोल्टला धरायला उरत नाही. नवीन आउटर कापायच्या आधी शिफ्टर, बार, स्टेम सगळं शेवटच्या जागेवर पक्कं करून घ्या. मग आउटर शिफ्टरमधे पूर्ण आत ढकलून, बारवर इन्सुलेशन टेपने तीन ठिकाणी बांधून, दुसरं टोक फ्रेमच्या स्टॉपपाशी (आउटरचं टोक जिथे टेकतं त्या खोबणीपाशी) हाताने धरा आणि हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे न्या. दोन्ही टोकांना आउटर न ताणता, न मुरगळता पुरला पाहिजे, त्यात अजून एक सेंटीमीटर जास्त धरा आणि तिथे खूण करा. जास्त झाला तर नंतर कापता येतो. पण म्हणून भलामोठा वळसा पण ठेवू नका, तो हेड ट्यूबला घासून रंग खातो आणि जितकी वळणं जास्त तितकं घर्षण जास्त.

कापायला केबल कटरच वापरा, साध्या पक्कडने आउटरचं तोंड चेपतं. कापल्यावर टोक कानशीने सपाट करा आणि आतली पांढरी नळी दाभणाने गोल उघडून घ्या. हे दाभणाचं काम बरेच जण सोडून देतात, आणि मग सगळं नवीन असूनही गिअर जड का, असं विचारत बसतात. ती नळी कापताना चपटी होते आणि इनर तिथेच घासत राहते. मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा माझ्या जुन्या आउटरच्या दोन टोकांची नळी फटीसारखी बंद झालेली दिसली, इनरवर तिथे चकचकीत घासल्याची रेघ. नंतर आउटरच्या टोकाला टोपी चढवा, आणि टोपी स्टॉपमधे सरळ बसलीये ना हे बोटाने फिरवून बघा.

टेप गुंडाळायच्या आधी एक काम अजून, आणि माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं. केबल बोल्टला धरल्यावर, टेप लावायच्या आधी, गिअर दहा पंधरा वेळा वर खाली करा, लिव्हर जोरात दाबून धरा, उघडी केबल हाताने ओढा, हँडल चार वेळा दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा. आउटर जिथे जिथे नीट बसला नसेल तिथे आत्ता बसेल. मग परत आरडीकडे बघून हँडल वळवायची ती तपासणी. पास झाली तरच टेप. एकदा टेप लावला की आतमधे काय चाललंय ते दिसत नाही, माझं नुकसान तिथेच झालं.

केबलचा रस्ता कसा द्यायचा यावर माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या फ्रेमला डाउन ट्यूबवर दोन्ही बाजूंना स्टॉप असतील आणि केबल बाहेरून जात असतील तर पुढे अदलाबदल करा. म्हणजे उजव्या शिफ्टरचा आउटर हेड ट्यूबच्या पुढून वळून डाव्या स्टॉपमधे, डाव्या शिफ्टरचा उजव्या स्टॉपमधे, आणि मग उघड्या इनर डाउन ट्यूबच्या खाली एकमेकींना फुलीसारख्या ओलांडून आपापल्या बाजूला येतात. ऐकायला विचित्र वाटतं आणि दोन केबल एकमेकींना लागतात, पण इतक्या हलक्या की गिअरवर परिणाम होत नाही. फायदा असा की आउटरला मोठं, सैल वळण मिळतं. उजव्या शिफ्टरमधून उजव्याच स्टॉपला जाताना आउटरला अगदी कमी जागेत वळावं लागतं, हँडल वळलं की तो एकतर ताणतो नाहीतर हेड ट्यूबवर रेलतो. मी हे केलं आणि हँडलच मोकळं झालं, हात सोडून चालवताना आधी बाईक किंचित एका बाजूला ओढायची ते थांबलं. फ्रेमच्या आतून केबल जात असतील तर हे करायच्या आधी बघा, आत केबल ट्यूबवर आपटून खडखड करतात, आणि काही फ्रेममधे आत नळ्या ठरलेल्याच असतात, तिथे जमत नाही.

जुने शिफ्टर, ज्यातून केबल बाजूला कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी बाहेर निघते, ते असतील तर तुम्ही एका अर्थी सुखी आहात, वळण मोठं, घर्षण कमी, काय बिघडलं ते डोळ्यांना दिसतं. टेपखालून जाणाऱ्यात दिसायला छान पण शिफ्टरच्या तोंडाशीच एक कडक वळण येतं. म्हणून बार निवडताना त्याचा आकार बघा. कंपॅक्ट बार, म्हणजे रीच (बार किती पुढे जातो) ७० ते ८० मिमी आणि ड्रॉप (किती खाली उतरतो) १२० ते १३० मिमी, आपल्यासारख्या तासन्‌तास चालवणाऱ्यांना बरा पडतो, ड्रॉपमधे खरंच हात जातो. पण काही बारना वरच्या पट्टीपासून हूडकडे (शिफ्टरवरच्या रबरी पकडीकडे) वळताना एकदम कोपरा असतो, तिथे केबल मुडपते. वळण गोल असलेला बार घ्या, केबलसाठी खोबण असेल तर उत्तम. खोबणीत पुढून न्यायची का मागून याचं उत्तर दुकानात नाही, बारवर आउटर धरून बघा आणि जिथून वळण मोठं राहतं तिथून न्या. शिफ्टरच्या आत केबलचं डोकं जिथे बसतं तिथे ती सारखी वाकून एक एक तार तुटत जाते, विशेषतः ११ स्पीडमधे, म्हणून दर तीन चार हजार किलोमीटरला मी मागच्या गिअरची इनर काहीही झालेलं नसताना बदलतो. आत तुटली तर तुकडा काढताना फार हाल होतात.

आणि आता मूळ दुखण्याकडे येतो, कारण मी बार बदलला तो बोटांसाठी. बार रुंद करून बोटांचा बधिरपणा गेला का? नाही गेला. मी एकदा शांतपणे सगळं मोजलं. खांद्याच्या एका हाडाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत माझं माप ४१ येतं, ४४ चा बार मला मोठाच होता, हात फाकलेले, मान आखडायची. बार विकताना काही कंपन्या मधोमध माप देतात आणि काही बाहेरून बाहेर, त्यामुळे ४२ आणि ४२ एकच असेल असं नाही, टेप घेऊन जा आणि स्वतः मोजा. खरं कारण निघालं सीट. सीटचं टोक दोन तीन अंश खाली झुकलं होतं, मी हळूहळू पुढे घसरत होतो आणि सगळं वजन तळहाताच्या बाहेरच्या कडेवर, जिथून करंगळीकडे जाणारी नस जाते. सीट सपाट केली, हूड थोडे वर फिरवून घेतले म्हणजे मनगट सरळ राहतं, आणि अर्धा त्रास तिथेच संपला. हे फुकटचं काम आधी करायला हवं होतं. म्हणून माझी विनंती, हात दुखतात म्हणून थेट बार मागवू नका, आधी सीटचा कोन, मग हूडची जागा, मग स्टेमखालचे स्पेसर (उंची वाढवणारी कडी), मग स्टेमची लांबी, आणि बार सगळ्यात शेवटी. स्पेसर फ्रेमवाल्याने सांगितलेल्या मर्यादेतच, कार्बन स्टिअररला (फोर्कचा स्टेममधे जाणारा वरचा दांडा) बऱ्याच कंपन्या ३० मिमीच्या वर जाऊ देत नाहीत. आणि हे सगळं ठरेपर्यंत केबल कापायची नाही.

शेवटी मी ४२ चा कंपॅक्ट बार, ९० मिमीचा स्टेम खाली तोंड करूनच, आणि एक १० मिमीचा स्पेसर जास्त, असं ठेवलं. स्टेम ८० च्या खाली न्यावासा वाटत असेल तर फ्रेमच मोठी घेतली गेलीये असं समजा, फार आखूड स्टेमने हँडल चंचल होतं, उतारावर ते नको. बोल्ट आवळताना आधी वरच्या टोपीचा बोल्ट हेडसेटमधला (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगमधला) खेळ जाईपर्यंत, मग चाक सरळ करून स्टेमच्या बाजूचे, त्यावर जो आकडा छापलाय तेवढेच, बहुतेकांवर ५ न्यूटन मीटर असतो. पुढच्या प्लेटचे चार बोल्ट थोडे थोडे करून, फुलीच्या क्रमाने, वर खाली फट सारखी राहील असे. मग पुढचं चाक दोन गुडघ्यांमधे धरून हँडल पिळून बघा, सरकता कामा नये. घेताना व्यास बघा, आजकालचे रोड बार मधे ३१.८ मिमी असतात, जुन्या बाईकला २६.० किंवा २५.४ असतो, ते एकमेकांच्या स्टेममधे बसत नाहीत. फ्लॅट बार लावायचा विचार असेल तर ड्रॉप बारचे शिफ्टर त्यावर चढत नाहीत, एकाचा व्यास २३.८ आणि दुसऱ्याचा २२.२, म्हणजे शिफ्टर ब्रेक लिव्हर सगळं नवीन, तो खर्च आधीच धरा.

हल्ली नवीन बाईकमधे सगळ्या केबल स्टेममधून हेडसेटच्या आत जातात, बाहेर काही दिसतच नाही. सुंदर दिसतात, मलाही आवडतात. पण तुम्ही पावसात चालवत असाल आणि घरी स्वतः काम करत असाल तर घेऊ नका, असंच मी सांगेन. माझ्या एका मित्राच्या बाईकचं वरचं बेअरिंग एका पावसाळ्यात करकरायला लागलं. पाणी आणि घाम दोन्ही स्टेममधून उतरून तिथेच जातात. बेअरिंग हे बंद कडं असतं आणि ब्रेकचे पाइप त्याच्या मधून गेलेले, त्यामुळे ते बदलायला दोन्ही हायड्रॉलिक पाइप सोडून परत ब्लीड करावे (आतली हवा काढावी) लागले. बाहेरच्या केबलवाल्या बाईकला ते काम पंधरा वीस मिनिटांचं आहे. त्यातून गिअर वायरचे असतील, इलेक्ट्रॉनिक नसतील, तर आतली ती कडक वळणं केबलला सोसत नाहीत. स्टेम १० मिमी लांब करून बघू, हा प्रयोग तर त्यात जवळपास बंदच होतो. ज्यांना बसायची जागा अजून सापडलेली नाही त्यांनी निदान दोन वर्ष बाहेरच्या केबल ठेवाव्यात.

नवीन केबल टाकल्यावर पहिल्या शंभरेक किलोमीटरमधे एकदा पाव आटा अ‍ॅडजस्टर बाहेर घ्यावा लागला, तेवढं धरून चला, ते बसणं आहे, बिघाड नाही. त्यानंतर एक पूर्ण पावसाळा, पसरणी दोनदा, बोपदेव किती वेळा ते मोजलं नाही, अ‍ॅडजस्टरला हात लावलेला नाही. लिफ्टमधे बाईक अजूनही तशीच, हँडल पूर्ण वळवून चढवतो. पुढचं चाक वळताना कान मागे असतो, आणि आवाज येत नाही.